आधी पायपीट, मग हुरडा

महाराष्ट्रात ट्रेकिंग म्हटलं की डोळ्यांपुढे पावसाळा उभा राहतो. धुक्यात बुडालेला कडा, अंगात रेनकोट, हातात भाजलेलं कणीस आणि मागे धबधबा. हे चित्र पुण्या-मुंबईच्या मंडळींनी घडवलं. त्यात त्यांची चूक काही नाही, सह्याद्री त्यांच्या दाराशीच आहे. पंचाईत होते ती हेच चित्र जालना जिल्ह्यातल्या भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावाला जसंच्या तसं लावलं की. मग तिथल्या कॉलेजातल्या पोराला वाटायला लागतं की आपल्याकडे ना कडे आहेत ना धबधबे, फिरायचं तर रात्रभर गाडी हाकून हरिश्चंद्रगड गाठायला हवा. वर्षातून एकदा ते होतं, फोटो पडतात आणि उरलेलं वर्ष तसंच जातं. माझं म्हणणं असं की भोकरदनला स्वतःचं भटकंती मंडळ असू शकतं आणि ते उत्तम चालू शकतं. मात्र त्याचा हंगाम हिवाळा असला पाहिजे, आणि त्यात चालण्याइतकंच वजन एकत्र बसून जेवण्याला आणि गप्पांना दिलं पाहिजे. यातली दुसरी अट ऐकून कसलेले ट्रेकर नाक मुरडतील. त्यांच्याकडे येऊच, पण आधी हंगामाचं बघू.

या भागात पाऊस वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पडतो, तोही लहरीने. महाबळेश्वरला पाच हजारांच्या पुढे पडतो. तिथला पाऊस डोंगर हिरवा करतो आणि पाणी कातळावरून वाहून जातं. इथला पाऊस काळ्या जमिनीत मुरतो आणि चालणाऱ्याच्या वाट्याला चिखल येतो. पहिल्या दहा पावलांत बुटाच्या तळाला मातीचा थर बसतो, पुढच्या दहांत त्यावर दुसरा, आणि बांधापर्यंत जाईस्तोवर पाय उचलवत नाहीत. शेतकरी अशा वेळी चपला हातात घेऊन चालतो ते उगाच नाही. शिवाय जूनपासून शिवार पिकांनी भरलेलं असतं. मका डोक्याच्या वर गेलेला, कपाशी कमरेला लागलेली, बांधावर गवत माजलेलं, आणि त्यात पाय टाकताना जनावराची धास्ती. उन्हाळ्याची तर गोष्टच सोडा. मार्च सरता सरता ऊन असं तापतं की सकाळी नऊनंतर उघड्या माळावर चालणं म्हणजे आजाराला आमंत्रण. राहता राहिला दिवाळी ते महाशिवरात्र एवढा काळ. सोयाबीन आणि मका निघून रानं मोकळी झालेली असतात, पांदण रस्ते वाळून घट्ट होतात, नदी पायी ओलांडता येते, पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी बारालाही ऊन सोसवतं. या जवळजवळ चार महिन्यांत रविवार तेवढे मोजले तरी सोळा-सतरा भरतात. एका लहान मंडळाला वर्षभर पुरेल एवढं हे भांडवल आहे.

पावसाळी ट्रेकिंगची दुसरी बाजूही आता लपून राहिलेली नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर ठिकठिकाणी मनाई आदेश निघाले. असे आदेश आता दर पावसाळ्यात निघतात आणि दर पावसाळ्यात मोडले जातात. ज्या गावाला पावसाळी डोंगराचा सराव नाही, त्या गावाने नेमक्या त्याच ऋतूत परक्या डोंगरात जावं, हा सल्ला कुणी शहाणा माणूस देणार नाही.

आता दुसरा आक्षेप, तो भोकरदनचेच लोक घेतात: इथे बघायला आहे काय? हा न्यूनगंड समजण्यासारखा आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. मराठवाड्यातला एकही नाही. गडांचा नकाशा सह्याद्री आणि कोकण किनाऱ्यापुरता आहे ही समजूत अशा याद्यांनी आणखी पक्की होते. पण भोकरदन हे मुळातलं भोगवर्धन. प्रतिष्ठान म्हणजे आपल्या पैठणहून उत्तरेला उज्जयिनीकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावरचं हे नगर. भारहूत आणि सांची इथल्या स्तूपांना ज्यांनी दान दिलं, त्यांच्या कोरीव लेखांत भोगवर्धनच्या माणसांचा उल्लेख आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या गावचा माणूस मध्य भारतातल्या स्तूपाला देणगी देत होता आणि आपल्या गावाचं नाव दगडावर कोरून घेत होता. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी लिहिलेला त्याचा अहवाल पुढच्याच वर्षी निघाला. त्या उत्खननात एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग सापडला, आणि तिचं नातं थेट इटलीतल्या पोम्पेईशी लागलं. पोम्पेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हिअसच्या राखेखाली गाडलं गेलं आणि १९३८ साली तिथल्या एका घरात भारतीय बनावटीची हस्तिदंती मूर्ती मिळाली. ती घडली कुठे, यावर अभ्यासकांत जी चर्चा चालते, तीत भोकरदनचं नाव आदराने घेतलं जातं. आणि हे सगळं गावाच्या हद्दीत आहे. केळणा नदीच्या काठी खडकात खोदलेली हिंदू लेणी आहेत, तीही गावाला लागूनच. त्यांच्यासाठी गाडी काढायचीही गरज नाही.

गावाबाहेर पडून केळणेच्या काठाने पूर्वेला चालत राहिलं की आपण एका रणांगणावर असतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला लढाई झाली. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा तळ केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या पट्टीत पडला होता. त्याचं एक टोक भोकरदनपाशी होतं, दुसरं असईपाशी. समोर होता आर्थर वेलस्ली, पुढे नेपोलियनला हरवून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून गाजला तो. त्याला केळणा ओलांडायची होती आणि वाटाडे सांगत होते की पुढे उतार नाही. दुर्बिणीतून त्याला नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं दिसली. एवढी जवळची गावं आणि त्यांच्यात ये-जा नसेल हे शक्यच नाही, तेव्हा मध्ये उतार असणारच, असा त्याने अंदाज बांधला. तो खरा निघाला. त्याचं सैन्य पार झालं आणि मराठी फौजेच्या बगलेवर येऊन ठेपलं. त्या दिवशी इंग्रजांकडची दीड हजारांहून जास्त माणसं मेली वा जखमी झाली. मराठ्यांचे तोफखानेवाले तोफांजवळून हटले नाहीत, याची साक्ष शत्रूपक्षानेच देऊन ठेवली आहे. वेलस्ली म्हातारपणीही असईला आपली सर्वोत्तम लढाई म्हणत असे. ही कथा पुस्तकात वाचणं वेगळं आणि जानेवारीच्या सकाळी गुडघ्याएवढ्या पाण्यातून तो काठ ओलांडताना समजून घेणं वेगळं. दोन गावांतल्या बायाबापड्यांच्या रोजच्या पायवाटेने एका लढाईचा निकाल फिरवला, ही गोष्ट गाडीच्या काचेतून कळत नाही.

तालुक्यात अन्व्याला यादवकाळातलं एक देऊळ आहे. गावकरी त्याला मढ म्हणतात. आज आत महादेव आहे, पण बाहेरच्या भिंतींवर विष्णूच्या शक्तिरूपांच्या मूर्ती आहेत. हातातली शंख, चक्र, गदा, पद्म कोणत्या क्रमाने धरली आहेत, यावरून त्या ओळखायच्या. त्यासाठी देवळाला सावकाश फेरी घालावी लागते आणि दोघांनी एकमेकांशी वाद घालावा लागतो. जयदेववाडीचा जाळीचा देव हे महानुभावांचं मोठं तीर्थ. चक्रधरस्वामी तेराव्या शतकात महाराष्ट्रभर पायी हिंडले, आणि त्यांचे पाय जिथे जिथे लागले त्या जागा अनुयायांनी स्थानपोथीत नोंदवून ठेवल्या. कुठल्या गावात, कुठल्या दिशेला, कुठल्या ओट्याजवळ, असा तो तपशील आहे. मराठीतलं हे फार जुनं गद्य पायी फिरण्याच्या नोंदींनी भरलेलं आहे, ही आपल्या ट्रेकिंगच्या इतिहासात क्वचित कुणी सांगतं अशी बाब. आणि उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर आहेतच. त्यांची एक गंमत सह्याद्रीच्या भक्तांना सांगण्यासारखी आहे. भोकरदन-सिल्लोडच्या बाजूने गेलं तर हा डोंगर चढावा लागत नाही. आपण पठारावरून सपाट चालत असतो, आणि एकाएकी जमीन संपते, खाली खानदेश पसरलेला दिसतो. वेताळवाडीचा किल्ला या कड्याच्या जवळ हळदा घाटात आहे. जंजाळ्याचा किल्ला जवळजवळ पठाराच्याच उंचीवर आहे आणि त्याच्या पोटात घटोत्कच लेणी आहेत. तिथे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. अजिंठ्याचं सोळावं लेणं खोदवून घेणारा तोच हा वराहदेव. अजिंठ्याच्या तिकीट खिडकीशी रांग लागलेली असते, घटोत्कचला चिटपाखरू नसतं.

इथपर्यंतचा तपशील यादीसाठी दिलेला नाही. या सगळ्या जागांत एक साम्य आहे आणि माझा पुढचा मुद्दा त्यावरच उभा आहे. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर एकटा माणूस गेला तरी समोरचं दृश्य त्याला धरून ठेवतं, कुणी काही सांगायची गरज पडत नाही. उत्खनन झालं ते भोगवर्धनचं पांढरीचं टेकाड, असईचं रान, अन्व्याची भिंत या जागा अशा आपणहून बोलत नाहीत. माहिती नसली तर टेकाड म्हणजे मातीचा ढीग आणि रणांगण म्हणजे हरभऱ्याचं वावर. तिथे कुणीतरी सांगणारा लागतो, ऐकणारे लागतात, शंका काढणारा एखादा शिक्षक लागतो आणि ‘आमच्या आज्याच्या काळी नांगराला तोफेचा गोळा लागला होता’ असं म्हणणारा एखादा गावकरी लागतो. थोडक्यात, मराठवाड्याच्या पठारावर फिरणं हा मुळातच सोबतीचा उद्योग आहे. म्हणून इथल्या मंडळाने संमेलनाला, जेवणाला, गप्पांना चालण्याचं शेपूट समजू नये.

कसलेल्या ट्रेकरांचा आक्षेप इथेच येतो. त्यांचं म्हणणं असं, की जेवणावळ शिरली की भटकंती बुडालीच. पहिल्या वर्षी दहा किलोमीटर चालून पिठलं-भाकरी, दुसऱ्या वर्षी पाच किलोमीटर आणि पनीर, तिसऱ्या वर्षी थेट फार्महाउस. हा आक्षेप खोटा नाही. अशी घसरलेली मंडळं गावोगाव सापडतील आणि किल्ल्यांवरच्या दारूच्या बाटल्या तर सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. पण इतिहास बघितला तर गिर्यारोहणाची मंडळं जेवणाच्या टेबलावरच जन्मली आहेत. जगातला पहिला अल्पाइन क्लब लंडनमध्ये डिसेंबर १८५७ मध्ये एका हॉटेलात स्थापन झाला. आल्प्स तिथून शेकडो मैल दूर, आणि चढाईचा हंगाम संपून गेलेला. ज्यांनी उन्हाळ्यात शिखरं केली होती, त्यांना हिवाळ्यात एकमेकांना भेटून ते बोलायचं होतं, टिपणं ताडून बघायची होती, पुढच्या वर्षीचे बेत ठरवायचे होते. आपल्याकडेही हिमालयन क्लब १९२८ पासून व्याख्यानं आणि जर्नल यांच्या जोरावर टिकला. मुंबईचं गिरिविहार १९५४ पासून आणि पुण्याचं गिरिप्रेमी १९८२ पासून चालू आहे, ते केवळ सदस्यांचे पाय मजबूत आहेत म्हणून नव्हे. मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघाच्या पुढाकाराने गिरिमित्र संमेलन भरतं, दोन दशकांहून अधिक काळ, आणि राज्यभरातल्या संस्था तिथे डोंगर सोडून सभागृहात येऊन बसतात. मंडळ टिकतं ते माणसं एकमेकांना धरून राहतात म्हणून, आणि त्यासाठी चालण्याखेरीजही भेटावं लागतं. घसरण टाळायची तर क्रम पक्का ठेवायचा: आधी पायपीट, मग जेवण. जो चालला नाही त्याला पंगतीत जागा नाही, आजारी आणि वृद्ध सोडून. दारूला पहिल्या दिवसापासून बंदी, आणि तीवर चर्चाही नको.

शिवाय आपल्या मुलखाला हे काही परकं नाही. कार्तिकात नवमीपासून पौर्णिमेपर्यंत आवळीभोजन करायची रीत आहे. घरचे डबे घेऊन रानात जायचं आणि आवळ्याच्या झाडाखाली जेवायचं. थंडी पडायला लागली, पिकं घरात आली, आता चार लोकांत बाहेर पडा, हे पंचांगानेच सांगून ठेवलेलं आहे. अंगारकीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला माणसं पायी निघतात. पंचवीसेक किलोमीटर वाट आहे आणि वाटेवर कुणी चहा देतो, कुणी केळी, कुणी साबुदाण्याची उसळ. दिंडीत तर प्रत्येकाला काम नेमून दिलेलं असतं. वीणा एकाकडे, पाण्याची व्यवस्था दुसऱ्याकडे, मुक्कामाची जागा बघायला दोघं आदल्या दिवशी पुढे गेलेले. ट्रेकिंगच्या शिबिरांत ‘लीड’ आणि ‘स्वीप’ म्हणून जे शिकवलं जातं, म्हणजे एक जाणता पुढे आणि एक जाणता सगळ्यांच्या शेवटी, ते वारकऱ्याला वेगळं शिकवायची गरज नाही. भक्ती वगळली तर ट्रेकिंग उरतं असं मला म्हणायचं नाही. लोकांना संघटितपणे चालायची आणि चालून झाल्यावर एकत्र जेवायची सवय इथे आहे, एवढंच.

हिवाळ्यातल्या एकत्र येण्याचं इथलं सगळ्यात भरीव रूप म्हणजे हुरडा. रब्बीच्या ज्वारीचा दाणा दुधाचा राहिलेला नाही आणि अजून टणकही झालेला नाही, अशा पंधरा-वीस दिवसांच्या फटीत तो खायचा असतो. डिसेंबरअखेर ते जानेवारी. बांधाजवळ हातभर खड्डा करून गोवऱ्या पेटवायच्या. धूर सरून निखारा झाला की ती आगटी तयार. मग कणसं राखेत खुपसायची आणि फिरवत राहायची. कणीस बाहेर काढलं की धीर धरता येत नाही आणि चटका बसतो. तळहातावर किंवा पोत्यावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा, आणि हिरवट मऊ दाणे लसणाच्या किंवा तिळाच्या चटणीबरोबर, दह्याबरोबर, गुळाच्या खड्याबरोबर. गूळभेंडीसारखा हुरड्याचा म्हणून राखलेला वाण असेल तर गुळाचीही गरज नाही. या कामात एक वैशिष्ट्य आहे: कणसं भाजणारा, चोळणारा आणि खाणारा सगळे एकाच आगटीभोवती बसलेले असतात आणि कुणाच्याही हातात मोबाइल राहू शकत नाही, कारण हात राखेने माखलेले. पण मक्याने, कपाशीने आणि सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली, तसा घरोघरीचा हुरडा कमी झाला आणि रस्त्याकडेला ‘हुरडा पार्टी’ची पाटी लावून तो माणशी दराने विकला जाऊ लागला. त्यात वाईट काही नाही, शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात. पण मंडळाला याहून चांगलं करता येईल. ज्याच्या शिवारातून वाट जाते, त्या शेतकऱ्याशी आधी बोलून दोन ओळी ज्वारी ठरवून घ्यायची, योग्य तो भाव द्यायचा, आणि पाच-सात किलोमीटर चालून त्याच्याच वावरात बसायचं. म्हणजे मंडळी पाहुणे होतात आणि गिऱ्हाईकही.

आता वडीलधाऱ्यांचा आक्षेप: आमचा जन्म चालण्यात गेला, त्यात मुद्दाम जायचं काय? तो त्यांच्या पिढीपुरता बरोबर आहे. त्यांच्या नातवाकडे मोटारसायकल आहे, तो कोपऱ्यावरच्या टपरीवरही तिच्यावरून जातो, आणि स्पर्धा परीक्षेचा असेल तर दिवसाचे दहा तास अभ्यासिकेच्या खुर्चीत काढतो. तालुक्याच्या गावातला शिक्षक, बँकेतला कारकून, मेडिकलवाला, तहसिलातला माणूस यांचंही तेच. त्यांच्या भेटी होतात त्या लग्नात, दहाव्याला आणि पुढाऱ्याच्या सभेत, तिन्ही ठिकाणी मानपान सांभाळत. वाटेवर तीन तास शेजारी शेजारी चालताना कोण साहेब आणि कोण शिपाई हे सांभाळणं अवघड जातं. हे निव्वळ कल्पनेतलं नाही. इंग्लंडात शेफील्डच्या पोलादी कारखान्यांतल्या कामगारांसाठी जी. एच. बी. वॉर्ड या माणसाने १९०० साली क्लॅरियन रॅम्बलर्स हे मंडळ काढलं. आठवड्यात एक रविवार मिळायचा, पगार तुटपुंजा, भोवतीची पठारं जमीनदारांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेली. वॉर्ड दरवर्षी खिशात मावेल अशी पुस्तिका छापायचा: वर्षभरातल्या वाटा, गाड्यांच्या वेळा आणि त्या त्या गावचा इतिहास. त्या भागातल्या भटक्यांची भूक इतकी वाढली की १९३२ मध्ये मँचेस्टर-शेफील्डच्या शेकडो तरुणांनी किंडर स्काउटच्या पठारावर मनाई मोडून चढाई केली आणि काही जण तुरुंगात गेले. तेव्हा पायी फिरणं हा सुखवस्तूंचा शौक आहे, असं म्हणणाऱ्यांनी शेफील्डकडे बघावं. आपल्या जालन्यालाही पोलाद आहे, हा योगायोग बाजूला ठेवू.

बायकांचा प्रश्न मात्र अशा एका उदाहरणाने सुटत नाही. तालुक्याच्या गावात ‘सहकुटुंब’ सहल म्हणजे घरच्या बाईने पहाटे चारला उठून तीस जणांच्या पुऱ्या लाटणं, हा अनुभव घरोघरीचा आहे. ज्या दिवशी मंडळाची मेजवानी घरच्या बायकांच्या कष्टावर उभी राहील, त्या दिवशी ते मंडळ निम्म्या गावासाठी बंद झालं असं समजावं. जेवण ज्या गावी जायचं तिथल्या बचत गटाला पैसे देऊन सांगावं, नाहीतर पुरुषांनी रांधावं. पिठलं काही अवघड नसतं. स्त्रियांचा स्वतंत्र ट्रेकही असावा, आणि तो कुठे, कधी हे त्यांनीच ठरवावं. जातीबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. पंगत ही आपल्याकडे माणसाला त्याची जागा दाखवून द्यायची जागा होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सहभोजन हा सुधारकांना जाहीर कार्यक्रम म्हणून करावा लागला, तो त्यामुळेच. आज तसं उघड कुणी म्हणत नाही, पण कुणाचा डबा फिरतो आणि कुणाचा न उघडता परत जातो, हे बघणाऱ्याला कळतं. एकाच आगटीतला हुरडा आणि एकाच पातेल्यातलं पिठलं हा त्यावरचा उपाय आहे, आणि मंडळाने तो मुद्दाम, ठरवून करावा.

दुष्काळात हे कसलं सुचतं, असंही कुणी विचारेल. २०१२-१३ च्या हिवाळ्यात जालना जिल्ह्यात प्यायच्या पाण्याची मारामार होती, आणि तसं वर्ष पुन्हा येणारच नाही याची हमी नाही. अशा वर्षी हुरडा नसतो, ज्वारीच नसते. मेजवानी त्या वर्षी गुंडाळावी, चालणं मात्र थांबवू नये. उलट तळ्यांची, विहिरींची, जुन्या बारवांची स्थिती गावोगाव पायी जाऊन बघणारी वीस माणसं त्या वर्षी जास्त कामाची. पिण्याचं पाणी मात्र प्रत्येकाने घरून आणायचं, गावच्या हंड्याला हात लावायचा नाही.

हिवाळा सोयीचा असला तरी बिनधोक नाही. डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा, सहाच्या आत सूर्य बुडतो, आणि घाटातल्या झाडीत त्याआधीच अंधारतं. तेव्हा अजिंठ्याच्या डोंगरात दुपारी तीनला परतीची वाट धरलीच पाहिजे. कड्यांना आग्या मोहोळं असतात. तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा काहीही चालत नाही. डोंगरांत बिबट्या आहे, म्हणून घोळक्याने चालावं आणि पोरं पुढे पळू देऊ नयेत. गवत वाळलेलं असतं. त्याची कुसळं मोज्यांतून जी शिरतात ती संध्याकाळपर्यंत निघत नाहीत, हा त्रास लहान, पण त्याच गवतावर आगटीची एक ठिणगी उडाली तर अख्खा डोंगर पेटतो. म्हणून आगटी फक्त नांगरलेल्या वावरात, शेजारी पाण्याचा हंडा ठेवून, आणि निघताना ती विझली का हे हात लावून बघून. वनखात्याच्या हद्दीत आग नाहीच. आणि दुसऱ्याच्या वावरातला हरभरा. शहरी मंडळी हिरवे घाटे दिसले की डहाळा उपटतात, शेजारचा हसत दुसरा उपटतो, आणि तीस जण गेल्यावर शेतकऱ्याचं एक ओळ पीक गेलेलं असतं. पुढच्या वर्षी तो वाट देत नाही, आणि त्याचं बरोबरच असतं.

सुरुवातीला यासाठी नोंदणी, टी-शर्ट, लोगो यांतलं काहीही लागत नाही. लागते ती एक वही आणि तीत वर्षाचा बेत. कार्तिकात आवळीभोजनाच्या निमित्ताने केळणेकाठची लेणी आणि पांढरीचं टेकाड, म्हणजे म्हाताऱ्यांना आणि मुलांनाही येता येईल. मार्गशीर्षात अन्वा, एसटीने किंवा काळी-पिवळीने जाऊन येताना निम्मी वाट पायी. डिसेंबरच्या सुट्टीत घटोत्कच आणि जंजाळा, फक्त सराव असलेल्यांसाठी. संक्रांतीच्या आसपास असई, नदीचा उतार आणि तिथेच कुणाच्या वावरात हुरडा. माघात जाळीचा देव. महाशिवरात्रीनंतर गावातल्या शाळेत एक बैठक: कुठली वाट बुजली, कुठल्या मूर्तीला कुणी ऑइलपेंट फासला, कोणत्या शेतकऱ्याचे पैसे द्यायचे राहिले. त्या बैठकीचा वृत्तांत छापून तालुक्यातल्या शाळांना वाटला, तर पुढच्या दिवाळीला पहिल्या वाटेवर निघणाऱ्यांत आठवी-नववीची मुलंही असतील.